जैव डीझेल : हलक्या व टाकाऊ तेलांपासून इंधननिर्मितीचा इतिहास

वनस्पतिज तेले किंवा प्राणिज चरबी यांची मिथेनॉलासारख्या लहान रेणूच्या अल्कोहॉलाशी विक्रिया घडवून वसाम्लांची एस्टरे तयार होतात. ती शुद्ध करून डीझेल एंजिनात एकटी किंवा खनिज डीझेलात मिसळून जाळता येतात. अशा इंधनाला जैव डीझेल म्हणतात. बायोडीझेल हे नावही मराठीत रूढ आहे. मोहरीवर्गीय रेपबी, सोयाबीन, ताडतेल यांसारखी खाद्य तेले हा या इंधनाचा सर्वांत सोपा कच्चा माल होय. परंतु इंधनाच्या उत्पादनखर्चाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग एकट्या तेलाच्या किंमतीने व्यापला जातो. त्यामुळे करंज, मोगली एरंड, मोह, रबराच्या बिया यांची अखाद्य किंवा अल्प मोलाची तेले, कत्तलखान्यांतील चरबी आणि तळणीसाठी वापरून झालेले तेल यांच्याकडे संशोधकांचे व शासनांचे लक्ष वळत गेले. या प्रयत्नांचा इतिहास रसायनशास्त्राचा आहे तितकाच तो अन्न, जमीन आणि बाजारभाव यांचाही आहे.

पूर्वपीठिका : डीझेल एंजिनाचे जनक रूडॉल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांनी आपले एंजिन मुळात भुईमुगाच्या तेलावर चालावे अशा हेतूने बनविले, असे अनेक लोकप्रिय लेखांत म्हटलेले आढळते. हा समज बरोबर नाही. जर्मनीतील औगझ्बर्ग येथे १० ऑगस्ट १८९३ रोजी त्यांच्या पहिल्या नमुन्याची चाचणी झाली, तिच्यात खनिज तेलापासून मिळणारे हलके इंधन वापरले होते. (हाच दिवस पुढे जागतिक जैव इंधन दिन म्हणून पाळला जाऊ लागला, आणि त्या दिवशी भुईमुगाचे तेल वापरले गेल्याची कथाही त्याला चिकटली.) वनस्पतिज तेलाचा प्रयोग त्यानंतर सात वर्षांनी झाला. १९०० सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ओटो कंपनीने मांडलेले एक लहान डीझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. ही सूचना फ्रेंच शासनाची होती. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग विपुल पिकत असे. तेथील कामांसाठी कोळसा किंवा खनिज तेल बाहेरून न नेता स्थानिक तेलावर एंजिने चालविता आली, तर ती फ्रान्सला हवीच होती. एंजिनात कोणताही बदल न करता ते इतके सुरळीत चालले की, इंधन बदलल्याचे फार थोड्या प्रेक्षकांच्या लक्षात आले, असे स्वतः डीझेल यांनी १९१२ मध्ये नमूद केले आहे. त्यांनी नंतर या तेलांवर काही चाचण्या केल्या आणि या इंधनाच्या भवितव्याविषयी आशाही व्यक्त केली. पण कल्पना मूळची त्यांची नव्हती.

पहिल्या महायुद्धानंतर वसाहती असलेल्या यूरोपीय राष्ट्रांत हा विचार टिकून राहिला. मात्र स्वस्त खनिज तेलापुढे तो मागे पडला. तांत्रिक अडचणही होती. साध्या वनस्पतिज तेलाची श्यानता (दाटपणा) ४०° से. तापमानास खनिज डीझेलाच्या सु. दहा पट किंवा त्याहून अधिक असते. असे तेल अंतःक्षेपकाच्या बारीक छिद्रांतून नीट फवारले जात नाही. ते अर्धवट जळते, छिद्रांशी कार्बनाची पुटे धरतात, दट्ट्याची कडी अडकतात व वंगणतेल घट्ट होत जाते. एंजिन तेलावर सुरू होते, काही तास उत्तम चालते आणि काही आठवड्यांनी बिघडते, हा अनुभव निरनिराळ्या देशांत पुनःपुन्हा आला.

या अडचणीवरचा रासायनिक उपाय वस्तुतः एंजिनाच्याही आधी उपलब्ध होता. चरबीतील ग्लिसरीन काढून त्याच्या जागी दुसरे अल्कोहॉल बसविता येते, हे पॅट्रिक डफी यांनी १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्टिअरिनाचा अभ्यास करताना दाखविले होते. तिचा इंधनासाठी उपयोग करण्याचे श्रेय ब्रूसेल्स विद्यापीठातील जी. शावान यांना जाते. त्यांना ३१ ऑगस्ट १९३७ रोजी ताडतेलाच्या एथिल एस्टरांसंबंधीचे बेल्जियन एकस्व (पेटंट) मिळाले. त्या वेळी काँगो ही बेल्जियमची वसाहत होती व तेथे तेलमाडाची लागवड मोठी होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९३८ च्या उन्हाळ्यात ब्रूसेल्स–लूव्हँ या मार्गावरील एक बस या इंधनावर चालविण्यात आली. आज ज्याला जैव डीझेल म्हणतात त्याचा वाहनात झालेला हा बहुधा पहिला वापर होय.

दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाचा पुरवठा तुटल्यावर अनेक देशांनी वनस्पतिज तेलांचा आधार घेतला. चीनमध्ये टुंग तेलाचे उष्णतेने भंजन करून पेट्रोलसदृश इंधन काढण्यात आले. ब्राझीलने सरकीच्या तेलाच्या निर्यातीवर बंदी घातली. भारतीय वनस्पतिज तेलांच्या डीझेल एंजिनातील उपयोगाविषयी येथील संशोधकांचा निबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच काळात अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या ब्रॅडशॉ व म्यूली यांनी अल्प तापमानास, क्षारकी उत्प्रेरकाच्या (विक्रियेची गती वाढविणाऱ्या पदार्थाच्या) साहाय्याने तेलापासून मिथिल एस्टरे बनविण्याच्या कृतीची एकस्वे १९४२ व १९४४ मध्ये घेतली. त्यांचा हेतू इंधन हा नव्हता. साबण बनविताना ग्लिसरीन स्वच्छ व निर्जल मिळावे, हा होता. जैव डीझेलाच्या कारखान्यांत पुढे रूढ झालेली पद्धती मूलतः साबणधंद्यातील ही कृतीच आहे. युद्ध संपताच खनिज तेल पुन्हा स्वस्त झाले आणि सु. तीस वर्षे हा विषय विस्मरणात गेला.

विक्रिया व तिच्यातील अडचण : तेलाच्या एका रेणूत वसाम्लांच्या तीन शृंखला ग्लिसरॉलाच्या कण्याला जोडलेल्या असतात. मिथेनॉलाचे तीन रेणू त्यांना तेथून सोडवितात व मिथिल एस्टराचे तीन रेणू आणि ग्लिसरॉलाचा एक रेणू तयार होतो. ढोबळमानाने १०० किग्रॅ. तेल व ११ किग्रॅ. मिथेनॉल यांपासून १०० किग्रॅ. एस्टर व सु. ११ किग्रॅ. ग्लिसरॉल मिळते. ही विक्रिया उलट दिशेनेही होऊ शकत असल्याने प्रत्यक्षात मिथेनॉल आवश्यकतेच्या दुप्पट घेतात. सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक सोडा) किंवा सोडियम मिथॉक्साइड हे उत्प्रेरक वापरून ६०° से. तापमानास तासाभरात ती जवळजवळ पूर्ण होते. मिश्रण स्थिर राहू दिल्यास जड ग्लिसरॉल तळाशी बसते. वरचे एस्टर काढून पाण्याने धुतात व सुकवितात. एस्टराची श्यानता ४०° से. तापमानास ४ ते ५ चौ. मिमी. प्रतिसेकंद, म्हणजे डीझेलाच्या जवळपास येते. त्याचा प्रज्वलनबिंदू १००° से. च्या वर असल्याने ते साठविण्यास अधिक सुरक्षित असते. मात्र त्याची ऊष्मीय क्षमता डीझेलापेक्षा सु. दहा टक्क्यांनी कमी असते व थंडीत ते लवकर गोठते.

हे सर्व ताज्या, शुद्ध केलेल्या तेलाविषयी झाले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पीओरिया (इलिनॉय) येथील प्रयोगशाळेत फ्रीडमन, प्राइड व मौंट्स यांनी १९८४ मध्ये या विक्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला. तेलातील मुक्त वसाम्लांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असावे व तेल, अल्कोहॉल व उत्प्रेरक हे तिन्ही कोरडे असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हलके तेल नेमके याच कसोटीला उतरत नाही. तळणीच्या कढईत तेल १८०° से. च्या आसपास तासन्‌तास तापते. पदार्थातील पाण्याच्या वाफेने तेलाचे जलविच्छेदन होऊन वसाम्ले मोकळी होतात. हवेतील ऑक्सिजनाने ऑक्सिडीभवन होते. काही रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट व काळपट होते. अशा तेलात क्षारक घातले की, ते प्रथम मुक्त वसाम्लांशी संयोग पावून साबण तयार करते. उत्प्रेरक खर्ची पडतो, साबणाचा फेसाळ पायस एस्टर व ग्लिसरॉल यांना वेगळे होऊ देत नाही आणि धुताना बरेचसे एस्टर पाण्याबरोबर निघून जाते. स्वस्त म्हणून घेतलेले तेल अशा रीतीने महाग पडते.

चरबी व वापरलेले तेल गोळा करणाऱ्या अमेरिकी व्यावसायिकांनी मालाची जी प्रतवारी केली आहे, ती याच गुणधर्मावर आधारलेली आहे. पंधरा टक्क्यांपर्यंत मुक्त वसाम्ले असलेल्या मालाला ते पिवळे ग्रीज म्हणतात व त्यापुढच्या मालाला तपकिरी ग्रीज. उपाहारगृहांच्या सांडपाण्याच्या मार्गावर बसविलेल्या सापळ्यांत साचणारे मेद या दुसऱ्या वर्गात मोडते. त्यात निम्म्याहून अधिक भाग मुक्त वसाम्लांचाच असू शकतो.

यावर सर्वाधिक प्रचारात आलेला उपाय म्हणजे दोन टप्प्यांची पद्धती. पहिल्या टप्प्यात सल्फ्यूरिक अम्ल हा उत्प्रेरक घेऊन मुक्त वसाम्लांचेच मिथेनॉलाशी एस्टरीकरण करतात. अम्लाच्या योगाने मूळ तेलाचे एस्टरात रूपांतर फार मंद गतीने होते, पण मुक्त वसाम्लांचे लवकर होते. त्यामुळे जो पदार्थ अडथळा होता त्याचेच इंधन बनते. या विक्रियेत तयार होणारे पाणी निचरून टाकल्यावर दुसऱ्या टप्प्यात नेहमीची क्षारकी विक्रिया करतात. खरगपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत घाडगे व रहमान यांनी २००५ मध्ये मोहाच्या तेलावर केलेला प्रयोग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ओलसर हवेत साठविलेल्या त्या तेलात मुक्त वसाम्ले १९ टक्के होती. अम्लाची प्रक्रिया ६०° से. तापमानास एकेक तास दोनदा केल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आत आले व पुढे एस्टराचा उतारा ९८ टक्के मिळाला. त्याच वर्षी कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रविद्या संस्थेतील रामदास, जयराज व मुरलीधरन यांनी केरळातील रबराच्या बियांच्या तेलावर (मुक्त वसाम्ले १७ टक्के) अशाच पद्धतीने काम केले.

उत्प्रेरक पूर्णतः टाळण्याचा मार्ग क्योटो विद्यापीठातील साका व कुसदियाना यांनी २००१ मध्ये दाखविला. सु. ३५०° से. तापमान व प्रचंड दाब यांखाली मिथेनॉल क्रांतिकातीत (द्रव व वायू हा भेद नाहीसा झालेल्या) अवस्थेत असताना विक्रिया काही मिनिटांत पूर्ण होते व मुक्त वसाम्लांचा किंवा पाण्याचा उपद्रव होत नाही. साधनसामग्रीच्या खर्चामुळे ती फारशी प्रचारात आली नाही. लायपेज एंझाइमे व घन उत्प्रेरक यांवरही पुष्कळ काम झाले आहे. घन उत्प्रेरकावरील मोठा कारखाना फ्रान्समधील सेत येथे २००६ मध्ये सुरू झाला, परंतु तो शुद्ध तेलासाठी होता.

पुनरुज्जीवन : १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनी हा विषय पुन्हा पुढे आणला. दक्षिण आफ्रिकेवर त्या काळी आंतरराष्ट्रीय निर्बंधांचे सावट होते. तेथील कृषी अभियंत्यांनी १९८० च्या सुमारास सूर्यफुलाच्या तेलाच्या एस्टरांवर ट्रॅक्टर चालवून, कच्च्या तेलाने होणारी एंजिनाची नासाडी एस्टराने टळते, हे सिद्ध केले. ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेतील फार्गो (नॉर्थ डकोटा) येथे वनस्पतिज तेलांच्या इंधनोपयोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मलेशियाने ताडतेलाच्या एस्टरांवर बसगाड्यांच्या चाचण्या घेतल्या. बायोडीझेल हा शब्द १९८८ मधील एका चिनी निबंधात आढळतो व १९९० नंतर तो सर्वत्र रूढ झाला.

वापरलेल्या तळणीच्या तेलाचे एस्टर बनविण्याच्या प्राथमिक चाचण्यांचा वृत्तांत कॅनडातील संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला; परंतु त्याचा खरा विकास ऑस्ट्रियात झाला. ग्राझ विद्यापीठातील मार्टिन मिटलबाख यांनी तळणीच्या तेलाच्या मिथिल एस्टरांवर एंजिन चालवून धुरातील घटकांचे मापन केले व १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच श्टायरिया प्रांतातील म्यूरेक या लहान गावी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने आधी रेपबीच्या तेलासाठी कारखाना काढला व १९९४ च्या सुमारास तेथे वापरलेले तेल घेण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी ग्राझ शहराच्या परिवहन सेवेने दोन बसगाड्या या इंधनावर चालविल्या व पुढील दशकभरात बहुतेक बसगाड्या त्यावर आणल्या. घराघरांतून व उपाहारगृहांतून तेल गोळा करणे, ते गटारात जाऊ न देणे व त्याच शहराच्या बसगाड्यांत जाळणे, अशी ही रचना होती. ग्राझच्या अनुभवाचे महत्त्व रसायनापेक्षा या संकलनव्यवस्थेत अधिक आहे. अन्यत्र अशा योजना अडखळल्या त्या बहुधा याच ठिकाणी. जैव डीझेलाचे पहिले राष्ट्रीय मानकही ऑस्ट्रियानेच १९९१ मध्ये ठरविले. अमेरिकेचे मानक त्यानंतर सु. दहा वर्षांनी, यूरोपीय मानक २००३ मध्ये व भारतीय मानक (आयएस १५६०७) २००५ मध्ये आले.

टाकाऊ तेल इंधनाकडे वळण्यास यूरोपात आणखी एक कारण घडले. वापरलेले तेल व चरबी तोवर जनावरांच्या खाद्यात मिसळली जात असे. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये गोळा केलेल्या चरबीत रोहित्रातील (ट्रान्सफॉर्मरमधील) तेल मिसळले गेले, त्यातील क्लोरीनयुक्त विषारी संयुगे व डायॉक्सिने कोंबड्यांच्या खाद्यातून अंड्यांत व मांसात उतरली आणि देशात हलकल्लोळ उडाला. गाईंच्या मेंदूच्या रोगाची भीती त्याआधीपासून होतीच. उपाहारगृहांतील वापरलेले तेल पशुखाद्यात घालण्यास यूरोपीय संघाने केलेली बंदी २००४ च्या अखेरीपासून पूर्णपणे अमलात आली. अशा रीतीने अकस्मात बेवारस झालेल्या मालाला जैव डीझेलाचे कारखाने हे गिऱ्हाईक मिळाले. स्कॉटलंडमधील मदरवेल येथे चरबी व वापरलेले तेल यांवर चालणारा मोठा कारखाना २००५ मध्ये सुरू झाला.

अन्न, जमीन व इंधन : यूरोपीय संघाने २००३ मध्ये वाहतुकीच्या इंधनात २०१० पर्यंत ५·७५ टक्के जैव इंधनाचे लक्ष्य ठेवले. जर्मनीत करमाफीमुळे शुद्ध जैव डीझेल शेकडो पंपांवर मिळू लागले. ऑगस्ट २००६ पासून त्यावर कर बसू लागताच हा व्यापार ओसरला. ग्लिसरॉलाचा महापूर आला व ते खनिज तेलापासून बनविणारे कारखाने बंद पडले. याहून गंभीर परिणाम शेतीवर झाला. रेपबीचे तेल इंधनाकडे वळल्याने खाद्यासाठी ताडतेलाची मागणी वाढली आणि आग्नेय आशियातील जंगले व दलदली त्यासाठी मोकळ्या केल्या जात आहेत, हा आक्षेप २००७–०८ च्या अन्नधान्याच्या भाववाढीत तीव्र झाला. अखेर २०१५ मध्ये यूरोपीय संघाने खाद्य पिकांपासूनच्या इंधनावर सात टक्क्यांची मर्यादा घातली. वापरलेल्या तेलापासूनच्या इंधनाची मात्र लक्ष्यपूर्तीत दुप्पट गणना होत राहिली.

या सवलतीचा परिणाम तिच्या कर्त्यांच्या अपेक्षेबाहेरचा झाला. यूरोपात वापरलेल्या तेलाला काही काळ ताज्या ताडतेलापेक्षाही अधिक भाव मिळू लागला आणि ते चीन, मलेशिया, इंडोनेशिया येथून आयात होऊ लागले. ताजे तेल ‘वापरलेले’ म्हणून विकण्याचा मोह यात उघड आहे. दोन्ही तेले मिसळल्यावर मिश्रणात ताजे किती व वापरलेले किती, हे रासायनिक परीक्षणाने सांगणे कठीण असते. नेदर्लंड्समध्ये २०१९ मध्ये अशा फसवणुकीचे प्रकरण उघडकीस आले. चीनमधील परिस्थिती तर आणखी वेगळी होती. तेथे गटारांतून व सापळ्यांतून काढलेले तेल गाळून पुन्हा खाद्य तेल म्हणून विकले जाई. २०११ मध्ये पोलिसांनी देशभर त्याविरुद्ध मोहीम उघडली. तेच तेल इंधन म्हणून निर्यात करणे हा एक मार्ग ठरला, व त्यावरील निर्यातकराचा परतावा चीनने डिसेंबर २०२४ पासून बंद केला.

भारत : अखाद्य तेलांचा जळणासाठी वापर भारतात फार जुना आहे. महाराष्ट्रात करंजाचे तेल व कोकणात उंडीचे कडू तेल दिव्यांसाठी वापरीत. मोगली एरंड हे मध्य अमेरिकेतील झुडूप पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आफ्रिका व आशियात पसरले. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत म्हणून ते शेताच्या कुंपणाला लावण्याची रीत पडली. करंजाच्या तेलाचा एंजिनातील उपयोग बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी १९९० नंतरच्या दशकात पुढे आणला. कर्नाटकातील कग्गनहळ्ळी येथे ग्रामस्थांनी या तेलावर जनित्रे चालवून विहिरींवरील पंपांना वीज पुरविली. तेल जेथे निघते तेथेच ते वापरण्याची ही योजना मर्यादित पण व्यवहार्य होती.

शासनाने निवडलेला मार्ग याहून भव्य होता. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के जैव डीझेलाच्या मिश्रणावर चालविण्यात आली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने आपला अहवाल दिला व २०११-१२ पर्यंत वीस टक्के मिश्रणासाठी १·१२ कोटी हेक्टर जमिनीवर मोगली एरंडाची लागवड करावी लागेल असे सांगितले. भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने या तेलापासून यूरोपीय मानकाला उतरणारे इंधन बनवून दाखविले, त्यामुळे रसायनाच्या बाजूने शंका उरली नव्हती. अपयश आले ते शेतात. हे झुडूप कोरड्या, निकस जमिनीत जगते, हे खरे. पण जगणे व भरघोस बी देणे या दोन वेगळ्या गोष्टी होत, याकडे दुर्लक्ष झाले. त्याचे सुधारित वाण नव्हते. पाणी व खत न दिल्यास हेक्टरी उत्पन्न अंदाजाच्या काही अंशांइतकेच येई. फळे एकाच वेळी पिकत नसल्याने वेचणीस मजुरी फार लागे आणि पेंड विषारी असल्याने गुरांना घालता येत नसे. जी जमीन कागदोपत्री पडीक होती, ती पुष्कळ ठिकाणी गावाची चराई व सरपण पुरविणारी होती. पहिली तीन-चार वर्षे उत्पन्न नाही, नंतरही भावाची खात्री नाही, अशा पिकाखाली जमीन गुंतवून छोट्या शेतकऱ्यांनी तोटा सोसला. जानेवारी २००६ पासून तेल कंपन्यांनी २५ रु. लिटर या दराने खरेदीची घोषणा केली. तो दर उत्पादनखर्चाहून कमी असल्याने खरेदीकेंद्रांवर इंधन जवळजवळ आलेच नाही. २००९ च्या राष्ट्रीय जैव इंधन धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के हेच लक्ष्य पुन्हा मांडले व तेही कागदावर राहिले. जे थोडे कारखाने चालू राहिले ते मुख्यतः आयात केलेल्या ताडतेलाच्या स्टिअरिनावर, म्हणजे परदेशी तेलाला पर्याय म्हणून परदेशी तेलावरच.

२०१८ च्या राष्ट्रीय धोरणात लक्ष्य २०३० पर्यंत पाच टक्के असे खाली आणले गेले व वापरलेल्या तळणीच्या तेलाचा कच्चा माल म्हणून स्पष्ट समावेश झाला. त्याच सुमारास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आरोग्याच्या दृष्टीने एक नियम केला. तेल पुनःपुन्हा तापविल्याने त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल स्वयंपाकास वापरण्यास १ जुलै २०१८ पासून मनाई झाली. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणीसाठी वापरणाऱ्या व्यावसायिकांनी १ मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवणे आवश्यक ठरले. वापरलेले तेल गोळा करून जैव डीझेलाकडे पाठविण्याची ‘रुको’ ही योजना १० ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाली. वर्षभराने सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी शंभर शहरांत अशा तेलापासूनचे जैव डीझेल पहिल्या वर्षी ५१ रु., दुसऱ्या वर्षी ५२·७० रु. व तिसऱ्या वर्षी ५४·५० रु. लिटर या हमीदराने घेण्याची तयारी दाखविली.

या व्यवस्थेपुढील अडचण साधी आहे. यूरोपात वापरलेले तेल हा टाकाऊ पदार्थ मानला जातो. भारतात तो टाकला जात नाही. मोठ्या उपाहारगृहातील काळे पडलेले तेल मध्यस्थामार्फत लहान खाणावळी, भजी-वडे तळणाऱ्या गाड्या यांच्याकडे जाते आणि तेथे ते शेवटच्या थेंबापर्यंत वापरले जाते. घरातील उरलेले तेल फोडणीत संपते. अशा तेलाला खाद्य म्हणून जो भाव मिळतो त्याच्याशी इंधननिर्मात्याला स्पर्धा करावी लागते, आणि ताज्या तेलाचे भाव चढले की ही स्पर्धा अधिकच कठीण होते. देश आपल्या खाद्य तेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयात करीत असल्याने हे भाव बाहेरच्या बाजारावर अवलंबून असतात. ध्रुवीय संयुगे मोजण्याचे उपकरण निरीक्षकाकडे असले, तरी हातगाडीवरच्या कढईपर्यंत ते क्वचितच पोहोचते. देशातील डीझेलात जैव डीझेलाचे मिश्रण २०२४ पर्यंत एक टक्क्याच्याही आत राहिले.

दरम्यान या कच्च्या मालाला नवा स्पर्धक निर्माण झाला आहे. मिथेनॉलाऐवजी हायड्रोजनाची प्रक्रिया करून तेलापासून सरळ हायड्रोकार्बने बनविण्याची पद्धती फिनलंडमधील पोर्व्हो येथे २००७ मध्ये कारखान्यात आली. मुक्त वसाम्लांचा तिला अडथळा होत नाही व तिच्यापासून विमानांचे इंधनही मिळते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलापासून बनविलेले असे इंधन अंशतः वापरून २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडून–दिल्ली हे विमानोड्डाण करण्यात आले. यूरोपीय संघाने २०२५ पासून विमान इंधनात दोन टक्के अशा इंधनाची सक्ती केली. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक, २०२८ मध्ये दोन व २०३० मध्ये पाच टक्के असे लक्ष्य ठरविले आहे. पानिपत येथील तेलशुद्धीकरण कारखान्याला वापरलेल्या तेलापासून विमान इंधन बनविण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळाले. त्यामुळे जे तेल बसगाड्यांसाठी पुरेसे जमत नव्हते, त्यासाठी आता विमान कंपन्याही बाजारात उतरल्या आहेत.